अंगचोर आणि होतकरू



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आमच्याकडे विषय मागितला तेव्हा आम्ही 'बेसबॉलचे शौकीन' असे लिहून पाठवले. दुसऱ्याच दिवशी सकाळी ते स्वतः घरी हजर! काल या व्यासपीठावरून पाणीप्रश्नावर बोलणे झाले, उद्या संतवाङ्मयावर व्हावयाचे, मध्येच हा अमेरिकन चेंडूफळीचा प्रकार कशाला, असे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ वाचता येत होते. बोलले मात्र काही नाहीत, भले गृहस्थ आहेत. चहा घेऊन गेले. तेव्हा आज आपल्याला जो काही त्रास होईल त्याची जबाबदारी सर्वस्वी आमची आहे, त्यांची नाही.

आम्हाला या विषयाचा नाद लागला तो २०२४ सालच्या वसंतात. चिरंजीव पिट्सबर्गला नोकरीस आहेत. त्यांच्याकडे आम्ही उभयता एप्रिलात गेलो. अमेरिकेतही या खेळाचा हंगाम वसंतातच सुरू होतो, मार्चअखेरीस. आणि सप्टेंबर संपेपर्यंत प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. एकशेबासष्ट! आठवड्याला सहा-सहा. आपल्याकडे एखादा संघ सलग तीन सामने खेळला तर आपण 'पोरे थकली हो' म्हणून हळहळतो. तर चिरंजीव कचेरीला गेले, सूनबाई कामाला गेल्या, की आम्ही नदीकाठच्या मैदानावर जाऊन बसू लागलो. स्वस्तातली जागा, वर ऊन, खाली हिरवेगार गवत आणि समोर ॲलेघेनी नदी. शेजारी नेहमी एकच वृद्ध सद्गृहस्थ येऊन बसत. पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मांडीवर कागद, हातात शिसपेन्सील, आणि प्रत्येक चेंडूची नोंद. पिट्सबर्गच्या 'पायरेट्स' संघाने शेवटची जागतिक मालिका १९७९ साली जिंकली, आणि १९९३ पासून २०१२ पर्यंत ओळीने वीस हंगाम त्यांचे पराभव विजयांहून जास्त भरले. या काळातही हे गृहस्थ पेन्सील घेऊन येतच होते. वारकरी म्हणावे तर वारीला निदान विठोबा तरी भेटतो.

त्यांच्याकडून आणि त्यांच्या मागच्या-पुढच्या बाकांवरील मंडळींकडून आम्ही जे ऐकले, त्यातून एक गोष्ट ध्यानात आली. या शौकिनांचे बोलणे सहा महिने दोनच गोष्टींभोवती फिरते. पहिली, अमुक खेळाडू अंग चोरतो की नाही. दुसरी, खालच्या संघात वाढत असलेला तमुक पोरगा पिचर म्हणून कधी वर आणणार. हंगाम हरण्यात चालला असला म्हणजे तर दुसरे काही उरतच नाही.

खेळ थोडक्यात सांगतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी क्षमा करावी. क्रिकेटच्या दोन यष्ट्यांमध्ये ६६ फूट अंतर. येथे चेंडू फेकणारा, म्हणजे पिचर, मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा असतो आणि फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर. धावत येणे नाही, टप्पा नाही. कोपर मात्र हवे तसे वाकवावे आणि झटकावे, त्याला बंदी नाही. ताशी शंभर मैलांनी आलेला चेंडू सुमारे चार दशांश सेकंदात अंगावर येतो. तो फलंदाजाने मारला आणि आखलेल्या रेषांच्या आत गेला, की बॅट टाकून पळावेच लागते. 'नको, थांबतो' म्हणावयाची सोय नाही. पहिला तळ ९० फुटांवर. तेथे चेंडू आधी पोहोचला तर तो बाद.

आता गंमत पाहा. जमिनीवरून सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातात गेलेला चेंडू म्हणजे फलंदाज बाद झाल्यातच जमा. पण क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटू शकतो, त्याची फेक चुकू शकते. म्हणून फलंदाजाने जीव तोडून पळावे, अशी अपेक्षा असते. तो पळाला नाही, दुडक्या चालीने गेला, की सारे मैदान पेटून उठते. बाद झाल्याबद्दल कोणी शिव्या देत नाही. न पळल्याबद्दल देतात. आमच्या मागे बसलेला एक जाडजूड इसम तर ओरडून सांगे, की आम्ही आठ-आठ तास राबून तिकिटाचे पैसे देतो, तुला चार सेकंद पळावयाला काय होते? आता हा हिशेब तसा बिनतोड आहे.

पीट रोझ हा या पंथाचा आद्य महंत. चार चेंडू बाहेर पडले तर फलंदाजाला पहिला तळ फुकटच मिळतो, चालत जावे. हा गृहस्थ तेथेही धावत जाई. ४२५६ हिट्स त्याने केल्या, तो विक्रम आजही अबाधित आहे. गाव त्याच्यावर जीव टाकी, कारण तो अंग राखीत नाही. पुढे १९८९ साली खेळावर पैसे लावल्याबद्दल त्याला खेळातून हद्दपार केले. धावणारा तो आणि जुगार खेळणारा तो, दोघे एकाच सदऱ्यात राहात होते. प्रेक्षकाला दिसतात ते पाय. बाकीचे दिसत नाही.

उलट बाजूचे उदाहरण १९७७ सालचे. १८ जूनला बोस्टनच्या मैदानात न्यू यॉर्क यँकीजचा रेगी जॅक्सन एका चेंडूमागे सावकाश गेला, असे त्यांचा व्यवस्थापक बिली मार्टिन याला वाटले. त्याने चालू डावात त्याला बाहेर बोलावले, साऱ्या देशाला दूरचित्रवाणीवर दिसेल असे. दोघे हातघाईवर आले, लोकांनी धरून ठेवले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जागतिक मालिकेच्या सहाव्या सामन्यात याच रेगी जॅक्सनने तीन वेगवेगळ्या पिचरांच्या पहिल्याच चेंडूवर एकेक, असे तीन चेंडू सीमेपार भिरकावले आणि यँकीजनी मालिका जिंकली. जूनमधला अंगचोर ऑक्टोबरात देव झाला. तो जूनमध्ये खरेच आळसला होता का? आमच्या शेजाऱ्यांना विचारले तर त्यांनी पेन्सील कानावर ठेवली आणि म्हणाले, "कोणाला ठाऊक! पण तुम्ही रेझरविषयी ऐकले आहे का?"

पीट रायझर. ब्रुकलिन डॉजर्सचा. १९४१ साली बाविसाव्या वर्षी त्याने आपल्या लीगमधली सर्वोत्तम फलंदाजीची सरासरी नोंदवली. असा खेळाडू शतकात एखादा, असे लोक म्हणत. आणि तो चेंडूमागे पळताना भिंत आहे हे विसरत असे. भिंती तेव्हा काँक्रीटच्या; आताच्यासारखी गादी नाही. १९४२ च्या जुलैत सेंट लुइसच्या मैदानात तो भिंतीवर आदळला, डोक्याला जबर मार बसला, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा खेळू लागला. त्यानंतरही आदळतच राहिला. कितीदा तरी त्याला मैदानातून झोळीत घालून उचलून नेले. जे व्हावयाचे ते झाले. शतकात एखादा असलेला हा माणूस तिशीच्या आतच सामान्य खेळाडू होऊन बसला. त्याने अंग राखले असते तर? परंतु अंग राखले असते तर गावाने त्याला उरावर घेतले असते का?

आम्ही हा प्रश्न त्या वृद्धांना केला नाही. तेच आपण होऊन बोलले. समोरच्या उजव्या भिंतीकडे बोट करून म्हणाले, "ती भिंत किती उंच आहे ते पाहा. एकवीस फूट. बरोबर एकवीस."

एकवीस हा रॉबर्टो क्लेमेंटे याचा अंक. हा पोर्तोरिकोचा, काळ्या वर्णाचा, स्पॅनिश बोलणारा तरुण १९५५ साली पिट्सबर्गला खेळू लागला. आदल्या डिसेंबरात त्याच्या मोटारीला एका दारूड्याने धडक दिली होती आणि पाठ कायमची दुखावली होती. मैदानात उतरला की तो असा पळे की डोक्यावरचे शिरस्त्राण उडून जाई. पण पाठ आखडली की बसून राही, आणि दुखते म्हणून सांगे. वर्तमानपत्रांनी त्याचे मोडके इंग्रजी जसेच्या तसे, उच्चारासकट छापावयाचे आणि सुचवावयाचे, की या बेट्याला रोग मनाचा आहे. सोंग करतो. शब्द निरनिराळे वापरत, पण अर्थ एकच: अंगचोर. त्या काळी गोऱ्या खेळाडूचे दुखणे दुखणे असे आणि काळ्याचे निमित्त, हे आज अमेरिकन लोकही मान्य करतात.

"माझे वडीलही म्हणत," शेजारी म्हणाले. "मी नऊ-दहा वर्षांचा असेन. जुन्या फोर्ब्झ फील्डवर आम्ही जात होतो. वडील भट्टीवर काम करीत. भाजले तरी दुसऱ्या दिवशी कामावर. ते ओरडायचे, 'ऊठ, आळशी!' आणि मीही ओरडायचो. मुलगा बापासारखाच ओरडणार."

क्लेमेंटेने १९७२ च्या हंगामात अखेरीस आपली तीन हजारावी हिट केली. त्याच डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. मदतीचे सामान नीट पोहोचत नाही असे कळले म्हणून तो स्वतः सामान घेऊन विमानात बसला. ३१ डिसेंबरच्या रात्री ते विमान सान हुआनजवळ समुद्रात कोसळले. हिट्स बरोबर तीन हजारावर थांबल्या. आज मैदानाकडे जाणाऱ्या पुलाला त्याचे नाव आहे, आणि सामन्याच्या दिवशी तो पूल गाड्यांना बंद करून माणसांना चालावयाला मोकळा ठेवतात. आम्ही रोज त्यावरूनच जात होतो. शेजारीही जात. ते पुलावरून जाताना टोपी काढीत. पहिल्या दिवशी आम्हाला वाटले, उकडत असेल.

असो. आता दुसऱ्या गोष्टीकडे, होतकरू पिचरांकडे वळतो.

या खेळात मोठ्या संघाच्या पोटाखाली लहान संघांची उतरंड असते. तिला ते लोक 'फार्म' म्हणतात, म्हणजे चक्क शेत. सेंट लुइसच्या ब्रँच रिकी या व्यवस्थापकाने शंभर वर्षांपूर्वी ही शेती रीतसर सुरू केली. अठरा-एकोणीस वर्षांची पोरे आणावयाची, खेड्यापाड्यांतल्या मैदानांवर खेळवावयाची, आणि एकेक पायरी वर चढवावयाची. शौकीन मंडळी या खालच्या संघांचे आकडे तोंडपाठ म्हणतात. शेतकरी आभाळाकडे पाहतो तसे हे लोक खालच्या संघाकडे पाहात असतात. यंदा नाही पिकले, पण पुढल्या वर्षी बघा! आणि यातले सर्वांत बेभरवशाचे पीक म्हणजे पिचर. 'होतकरू पिचर नावाची वस्तूच जगात नसते' अशी एक म्हणच तिकडे पडून गेली आहे. पिचर एक तर झालेला असतो, नाही तर मोडलेला.

स्टीव्ह डालकोव्स्की याचे नाव घेतले की म्हातारी मंडळी अजून खुर्चीत सावरून बसतात. बाल्टिमोरच्या शेतातला हा पोरगा, १९५७ साली घेतलेला. अंगाने किरकोळ, डोळ्याला चष्मा. पण चेंडू असा येई की तो दिसला नाही, ऐकू आला, असे फलंदाज सांगत. वेग मोजण्याची बंदूक तेव्हा नव्हती, त्यामुळे तो किती होता हे कोणीच सांगू शकत नाही आणि म्हणूनच तो दर वर्षी वाढतो आहे! १९६० साली कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन येथे त्याने १७० डावांत २६२ फलंदाज स्ट्राइकआउट केले, आणि बरोबर २६२ जणांना चेंडू बाहेर टाकून फुकट तळ दिला. पुढे अर्ल वीव्हर या गुरूच्या हाताखाली तो जरा सुधारला. १९६३ च्या वसंतात मोठ्या संघात त्याची निवड ठरत आली असताना सरावात कोपर गेले. मोठ्या मैदानात एक चेंडूही न टाकता त्याची कारकीर्द संपली. २०२० साली तो वारला.

याच्या अगदी उलट सँडी कोफॅक्स. ब्रुकलिनचाच डावखुरा मुलगा. पहिल्या सहा हंगामांत ३६ विजय आणि ४० पराभव. वेग प्रचंड, चेंडू कोठे जाईल याचा नेम नाही. संघाला तो नकोसा झाला होता. १९६१ च्या वसंतात फ्लॉरिडातल्या एका सराव सामन्यात त्याचा सोबती यष्टिरक्षक, नॉर्म शेरी, त्याच्याकडे चालत गेला आणि म्हणाला, की बाबा रे, एवढा जोर लावू नकोस. हळू टाक, त्यांना मारू दे. कोफॅक्सने ऐकले. त्या वर्षी १८ सामने जिंकले, १९६३ साली २५, १९६५ साली २६ आणि ३८२ स्ट्राइकआउट. आम्हाला ही हकीकत फार आवडते. बाकीच्या नऊ जणांना आपण 'अंग राखू नका' म्हणून ओरडतो, आणि दहावा अंग राखावयाला शिकतो तेव्हा कोठे तो मोठा होतो. बेसबॉलमध्ये नऊच खेळाडू असतात हे आम्हाला ठाऊक आहे, बोलण्याच्या ओघात एक वाढला. तरी शेवटी १९६६ साली २७ सामने जिंकून हा कोफॅक्स अवघ्या तिसाव्या वर्षी निवृत्त झाला, कारण कोपराच्या संधिवाताने हात सरळ होईना.

प्रेक्षकांच्या पापाचा वाटा सांगावयाचा तर तो डेव्हिड क्लाइडच्या गोष्टीत आहे. १९७३ च्या जूनमध्ये टेक्सासच्या संघाने शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या या अठरा वर्षांच्या मुलाला निवडले. संघ हरत होता, मैदान रिकामे पडत होते. मालकाने त्याला शेतात न पाठवता त्याच महिन्यात, २७ जूनला, थेट मोठ्या मैदानात उभे केले. पस्तीस हजारांवर माणूस लोटला. मुलगा जिंकलाही. व्यवस्थापकाचे म्हणणे होते, की दोनच सामने खेळवा आणि मग खाली पाठवा, शिकू द्या. पण तिकिटे खपत होती. १९७९ नंतर तो मोठ्या मैदानात दिसला नाही. १८ विजय आणि ३३ पराभव. त्या पस्तीस हजारांनी काही गुन्हा केला नव्हता हो, तिकिटेच काढली होती.

आता काळजी घेतात. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरातला तुटलेला बंध बदलून त्या जागी उजव्या हाताचा स्नायुबंध बसवला. १९७६ साली तो परत आला आणि १९८९ पर्यंत खेळला. शस्त्रक्रियेनंतरचे विजय १६४! तेव्हापासून ती शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली जाते. चेंडूंची मोजदाद होते, डाव मोजतात. २०१२ साली वॉशिंग्टनच्या संघाने स्टीफन स्ट्रासबर्ग या आपल्या सर्वांत तेजस्वी पिचरला, नव्या कोपराला जपण्यासाठी, सप्टेंबरात १५९ डाव होताच घरी बसवले. संघ साऱ्या देशात पहिला असताना! संघ बाद फेरीत हरला. शौकिनांची तेव्हा जी भांडणे झाली ती अजून मिटलेली नाहीत. २०१९ साली वॉशिंग्टनने मालिका जिंकली आणि तीत स्ट्रासबर्गच सर्वोत्तम ठरला, तेव्हा राखणारे म्हणाले, बघा. त्यानंतर त्याला सात वर्षांसाठी साडेचोवीस कोटी डॉलरचा करार मिळाला आणि तो एकंदर आठ सामने खेळू शकला. तेव्हा न राखणारे म्हणाले, बघा.

पण या दोन्ही गोष्टी, अंगचोरीचा आरोप आणि पिचरचा हात, एकाच माणसावर येऊन आदळल्या ती हकीकत ह्यूस्टनची. जे. आर. रिचर्ड. सहा फूट आठ इंच उंच, काळा. १९७८ साली ३०३ आणि १९७९ साली ३१३ स्ट्राइकआउट. १९८० च्या हंगामात तो असे काही टाकीत होता की अर्ध्या हंगामात दहा विजय. आणि मध्येच सामना सोडून निघून जाई. हात मेल्यासारखा होतो, म्हणे. बोटांना कळत नाही, म्हणे. जुलैच्या आठ तारखेला तो अखिल अमेरिकन तारांकित सामन्यात खेळला. मग कुजबुज वाढली. एवढा धिप्पाड माणूस, त्याला काय होते? आळशी आहे. नवा सहकारी नोलन रायन याला वर्षाला दहा लाख डॉलर मिळतात म्हणून रुसला आहे. हे वर्तमानपत्रांत आले, बाकांवर आले, मैदानावर आरडाओरडीत आले. तपासण्यांत रक्तवाहिनीत गुठळी सापडली. तरी हलका सराव करावयास हरकत नाही असे ठरले. ३० जुलैला आपल्याच रिकाम्या मैदानात चेंडू टाकता टाकता तो कोसळला. गुठळीने मेंदूचा रक्तपुरवठा तोडला होता. तिशीचा माणूस, पुन्हा मोठ्या मैदानात उभा राहू शकला नाही. पुढे काही काळ त्याच ह्यूस्टन शहरात एका पुलाखाली तो राहिला. सावरला, धर्मोपदेश करू लागला, आणि २०२१ साली वारला.

ही हकीकत आमच्या शेजाऱ्यांनी आम्हाला सांगितली त्याला कारण आम्हीच होतो. एका दुपारी पिट्सबर्गचा एक फलंदाज चेंडू मारून दुडक्या चालीने गेला, आणि आमच्या तोंडून शुद्ध मराठीत निघून गेले, "अरे पळ की लेका!" पुढच्या बाकावरचा कोणी वळून हसला, भाषा कळली नसली तरी आशय पोहोचला असावा. शेजारी हसले नाहीत. त्यांनी कागदावर नोंद केली, आणि मग ह्यूस्टनचे सांगू लागले. तो फलंदाज दोन दिवसांनी मांडीच्या दुखण्याने यादीतून गळाला. आम्ही कानकोंडे झालो, हे लपवीत नाही.

मे महिन्यात ज्याची वाट पाहिली तो दिवस आला. पॉल स्कीन्स हा एकवीस वर्षांचा मुलगा आदल्या वर्षी निवडीत पहिला आला होता, आणि महिनाभर सारे बाक एकच विचारीत होते: कधी आणणार? आमचे शेजारी एकटेच म्हणत, नका आणू, थंडी आहे, हात गरम होत नाही. ११ मे रोजी तो आला. आकाश भरलेले. पहिल्याच डावात शंभर मैलांवरचे चेंडू. एकेक चेंडू फलकावर आकडा दाखवी आणि लोक सभेत टाळ्या पडाव्या तसे एकदम गरजत. सात स्ट्राइकआउट. आम्ही शेजारी पाहिले तर वृद्धांनी समासात चेंडूंच्या रेघा ओढल्या होत्या, पाच-पाचांचे जुडगे करून, आणि ते त्याच मोजीत होते. पाचव्या डावात त्याला बाहेर नेले तेव्हा मागचा जाडजूड इसम संतापून उठला. शेजाऱ्यांनी मात्र श्वास सोडला. थोड्याच वेळात पाऊस कोसळला आणि खेळ दोन तासांवर थांबला.

छपराखाली उभे असताना आम्ही त्यांना सांगितले, की तुमच्या याच संघाने २००८ साली आमच्या उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, एका स्पर्धेतून उचलून पिचर करावयाला आणले होते. दोघांनी त्यापूर्वी बेसबॉलचा चेंडू हातात धरला नव्हता. त्यांना आठवत होते. "तो डावखुरा बरा होता," ते म्हणाले. "वर नाही आला."

पाऊस थांबेना. लोक घरी जाऊ लागले. आम्हाला वाटले, स्कीन्स गेला, आता काय राहिले आहे पाहावयाला? त्यांना म्हटले, चला, पुलापर्यंत बरोबर जाऊ. त्यांनी कागद शर्टाच्या आत, छातीशी ठेवला होता, भिजू नये म्हणून. म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे. अजून चार डाव आहेत."